फॉरमॅट मारण्याआधी

"तू एकदा फॉरमॅट मारून दे, होईल नीट," मावशी फोनवर म्हणाली. साताऱ्याला तिचं अक्षरजुळणीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. तिचा लॅपटॉप २०१८ सालचा. सकाळी बटण दाबलं की तो कामाला लागेपर्यंत तिची देवपूजा आणि चहा दोन्ही उरकायचं. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत मिळते, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालणार होतं. तेव्हा ठरलं, जुनी हार्ड डिस्क काढायची, एसएसडी बसवायची आणि तिच्यावर विंडोज पहिल्यापासून टाकायचं.

नुसतं फॉरमॅट मारून का भागलं नसतं, ते आधी सांगतो. मावशीची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी होती. म्हणजे सेकंदाला ९०, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो मजकूर वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, आणि ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळा. विखुरलेल्या बारीक फायली मागितल्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच देऊ शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे साधी एसएसडीही त्याच कामात सेकंदाला हजारोंच्या घरात जाते. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये नँड फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, तिच्यावर आजच्या सगळ्या एसएसडी उभ्या आहेत. माझ्या मते सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर करण्याजोगा यापेक्षा मोलाचा खर्च दुसरा नाही. रॅम वाढवण्याआधी हा करावा.

खरेदीपूर्वी एवढंच पाहायचं की आपल्या मशीनमध्ये बसतं काय. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी थेट बसते आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते. एम डॉट टू नावाची लांबट पट्टी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एनव्हीएमई प्रकारची असेल तर कित्येक पटींनी वेगवान. पण काही जुन्या लॅपटॉपांत ती खाच फक्त साटा पट्टीच ओळखते. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करा, मगच पैसे द्या. मावशीसाठी ५०० जीबीची साटा घेतली.

आता खरं काम. फॉरमॅट मारणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" आपल्याकडे घरोघरी समज आहे की सी म्हणजे विंडोजचा आणि डी म्हणजे सुरक्षित. अहो, सी आणि डी ही एकाच डिस्कवर पाडलेली दोन खणं आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेली. दहा वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाने मशीन एका दुकानात दिलं होतं. तिथल्या मुलाने सगळी पार्टिशनं काढून एकच मोठं केलं, विंडोज टाकलं आणि मशीन परत दिलं. भावाच्या मुलीची पहिल्या पाच वर्षांची छायाचित्रं डीमध्ये होती. ती परत मिळाली नाहीत. तेव्हापासून कुणाच्याही मशीनला हात लावण्यापूर्वी मी दोन प्रती घेतो. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी.

प्रत घेतली एवढ्यावरही थांबू नये. ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघावी. मावशीच्या प्रतीतली एक लग्नपत्रिका मी माझ्या लॅपटॉपवर उघडली. गणपतीचं चित्र जागेवर, किनारीची वेलबुट्टी जागेवर, आणि मधे जिथे ‘श्री गजानन प्रसन्न’ असायला हवं तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि कंसांची भेंडोळी. फाइल खराब झाली नव्हती. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाँटांनी देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले होते. मशीनच्या लेखी ती सगळी इंग्रजीच. तो ठरावीक फाँट असेल तेव्हाच त्यातून मराठी दिसते. मावशीची वीस वर्षांची मेहनत अशा फायलींत आहे. फाँटाशिवाय ती प्रत असून नसल्यासारखी होती.

म्हणून आम्ही दोघांनी बसून कागदावर यादी केली. विंडोजच्या फोल्डरमधले तिने वेळोवेळी टाकलेले सगळे फाँट. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, त्याची सीडी आणि यूएसबीला लावायचं त्याचं लॉक. पेजमेकरची सेटअप फाइल आणि सिरीयल नंबर. टॅलीचा डेटा, जो डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही, टॅली उघडून त्याचा पत्ता पाहावा लागतो. ब्राउझरमधले पासवर्ड आणि खुणा. प्रिंटरचं मॉडेल. डेस्कटॉपवरच्या फायली तर सगळेच विसरतात, कारण त्या रोज डोळ्यांसमोर असतात! ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्यातून जुनी डिस्क असतानाच आधी साइन आउट करायचं. या यादीला आमची अख्खी दुपार गेली. विंडोज टाकायला अर्धा तासही लागला नाही.

आणखी एक गोष्ट डिस्क काढायच्या आधीच पाहायची. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू असेल तर डिस्क दुसरीकडे लावल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या. ज्या ईमेलने खातं काढलं तो ईमेल आता उघडतो का, तेही बघा.

विंडोज टाकायला पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. विंडोज ११ ची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. ‘सगळं टाकून दिलेलं’ विंडोज कुणी पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका. त्यात काय घातलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता.

लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून मागचे स्क्रू काढले. ते लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून झाकणाच्या आकारानेच कागदावर ठेवले. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची पिन. मग जुनी डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाहेर आली, चार बारीक स्क्रू काढून चौकट नव्या एसएसडीला चढवली. हातात घेतल्यावर मावशी म्हणाली, "एवढीशी? आणि इतकी हलकी?"

इथे एक नियम कधीही मोडू नये. विंडोज टाकताना मशीनला फक्त नवी डिस्क जोडलेली असावी. ज्यांच्या मशीनमध्ये दोन्ही बसतात त्यांनीही जुनी तेवढ्यापुरती काढून ठेवावी. दोन डिस्क समोर असतील तर चुकीच्या डिस्कवरचं पार्टिशन पुसलं जाण्याची भीती असतेच. शिवाय विंडोज कधीकधी स्वतः नव्या डिस्कवर बसतं आणि मशीन सुरू करणारा छोटा भाग जुन्या डिस्कवर ठेवतं. पुढे जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडला. प्रॉडक्ट की विचारली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घेतला. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे इंटरनेट मिळालं की विंडोज आपणहून अॅक्टिव्हेट होतं. फक्त आधी होम असेल तर होमच निवडायचं, प्रो असेल तर प्रो. मग डिस्क निवडायचा पडदा आला. एकच ओळ, रिकामी जागा ४६५ जीबी आणि काही. "पाचशेचे पैसे दिले ना आपण?" मावशीने लगेच विचारलं. दुकानदाराने फसवलेलं नव्हतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, आणि त्या हिशेबात ५०० चे ४६५ होतात. त्या ओळीवर टिचकी मारून पुढे गेलो. पार्टिशनं हाताने पाडायची गरज नसते, लागतील ती विंडोज स्वतः पाडतं.

अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल लॅपटॉपांत या पडद्यावर डिस्क दिसतच नाही. एसएसडी खराब आहे असं समजून ती परत करू नका. स्टोअरेजचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर घेऊन तिथेच लोड करावा लागतो. पुढच्या टप्प्यावर विंडोज इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर काम अडतं. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं, बहुधा लगेच चालतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक मशीनवर एन्क्रिप्शन न विचारता सुरू होतं. तेव्हा नवी रिकव्हरी की त्याच दिवशी लिहून ठेवा.

संध्याकाळी अपडेट झाले, प्रिंटर लागला, फाँट चढवले, लॉक लावलं. मावशीने तीच लग्नपत्रिका उघडली. ‘श्री गजानन प्रसन्न’ जागच्या जागी होतं. तिने प्रिंट काढून कागद खिडकीपाशी नेला आणि जोडाक्षरं एकेक करून तपासली. नव्या कामांसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्ये टाइप करायचं तिने कबूल केलंय. मशीन कितीही वेळा बदललं तरी तो मजकूर मराठीच राहील.

एसएसडीची निगा फार नाही. तिला डीफ्रॅगमेंट करायचं नसतं, विंडोज ते ओळखतं आणि त्याऐवजी ट्रिमची आज्ञा देतं, म्हणजे कुठली जागा आता मोकळी आहे हे डिस्कला कळवतं. थोडी जागा कायम रिकामी ठेवा. झिजेची भीती बाळगू नका. ५०० जीबीच्या सॅमसंग ८७० इव्होची हमी ५ वर्षं किंवा ३०० टीबी लेखनाची आहे. रोज १६४ जीबी लिहीत राहिलात तर ती मर्यादा पाच वर्षांत गाठाल. धोका दुसरीकडे आहे. हार्ड डिस्क बहुतेक वेळा कुरकुर करून इशारा देते, एसएसडी पुष्कळदा एका सकाळी दिसेनाशीच होते. आणि ट्रिममुळे तिच्यावरची पुसलेली फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणूनच मावशीची जुनी डिस्क आम्ही पुसली नाही. ती यूएसबीच्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवली आहे, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून. पुढच्याच आठवड्यात एका शाळेची २०१६ ची प्रश्नपत्रिका यादीतून राहून गेल्याचं कळलं, ती त्या डिस्कवर मिळाली. या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही हे काम काढणार असाल तर एवढं करा. नवी डिस्क विकत आणण्याआधी एक दुपार यादीसाठी राखा, घेतलेली प्रत शेजारच्या मशीनवर उघडून बघा, आणि जुनी डिस्क निदान तीन महिने कुणालाही पुसू देऊ नका.