सुई टोचण्याआधी हात फिरवा

इन्सुलिनचं पेन हातात घेतलं की सगळं लक्ष युनिटच्या आकड्यावर. जिथे सुई जाणार ती जागा कोण बघतो? ‘स्पिरिट लावलंय ना, झालं तर मग!’ पण स्पिरिट वरवरचे जंतू मारतं. कातडीखाली सुरू झालेला संसर्ग त्याने जात नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा लालीचा. लाल दिसत नाही म्हणजे संसर्ग नाही, हा समज गोऱ्या कातडीची चित्रं बघून झालेला. सावळ्या रंगावर लाली उठून दिसेलच असं नाही. डाग जांभळट किंवा नुसता गडद दिसतो, कातडी ताणल्यासारखी चकाकते. म्हणून डोळ्यांच्या जोडीला हात हवा. पोराचा ताप बघतो तशी हाताची पालथी बाजू पोटावर डावी-उजवीकडे लावून बघा. एक बाजू जास्त गरम, सुजलेली, दाबल्यावर दुखरी लागली किंवा पू दिसला, तर ती जागा सोडा. डोस मात्र सोडायचा नाही. तो मांडीत किंवा पोटाच्या दुसऱ्या, चांगल्या भागात घ्या.

हाताला लागणारी प्रत्येक गाठ पुवाची नसते. रबरासारखी, गार, न दुखणारी गाठ बहुधा चरबीची. रोज एकाच जागी टोचल्याने ती होते आणि दुखत नाही म्हणून तीच जागा आवडू लागते! तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला: चांगल्या कातडीत तोच डोस जास्त लागू पडून साखर एकदम उतरू शकते.

दंडावर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरखाली खाज सुटली, तीही नेमकी चिकटपट्टीच्या आकारात, तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. कडा उठलेला, खवल्यांचा गोल चट्टा मात्र नायटा असू शकतो. त्यावर सेन्सर चिकटवला की घाम कोंडून तो बळावतो.

‘ताप नाही, मग कशाला डॉक्टर?’ असंही म्हणतात. संसर्ग तापाशिवायही असतो. कधी कारण नसताना साखर चढते तीच त्याची चाहूल. हळद-चुना थापू नका, खालचं काही दिसेनासं होतं. डॉक्टरांकडे जाईपर्यंत साध्या बॉलपेनने डागाच्या कडेने रेघ ओढून ठेवा. डाग रेघेबाहेर सरकला, त्यातून रेषा वर चढू लागली किंवा थंडी वाजून आली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.