तेलकट कढई, बारीक बुडबुडे आणि आपले हात

जळगावच्या सराफ बाजारात मळलेली पोत किंवा कानातले धुवायला दिले, की हल्ली बऱ्याच दुकानांत ते स्टीलच्या छोट्या टाकीत सोडतात. टाकी बारीक गुणगुणते, पाणी गढूळ होतं आणि काही मिनिटांत अंगातलं तेल, घाम, पावडर यांचा थर सुटून येतो. पूर्वी हेच काम रिठ्याच्या पाण्याने आणि ब्रशने व्हायचं. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे निर्जंतुक करण्याआधी मोठ्या दवाखान्यांत अशाच टाकीत धुतात. आम्हा नर्सेसना ती चांगली ओळखीची.

तिथे घासण्याचं काम बुडबुडे करतात. टाकीचा तळ सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतो. त्यामुळे पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. फुटताना शेजारच्या वस्तूवर पाण्याचा सूक्ष्म फटका बसतो आणि मळ उखडतो. ब्रश पोचत नाही अशा फटीतही. (चालू टाकीत हात घालायचा नसतो, आणि मोती-पोवळं सोडायचं नसतं.)

बुडबुड्यांची दुसरी रीत याहून शांत आहे. तेलाला पाणी नको असतं, हवा चालते. म्हणून हवेचा बुडबुडा तेलाच्या थेंबाला चिकटतो आणि त्याला घेऊन वर येतो. गोटी सोड्याची बाटली फोडली की दाबून भरलेला वायू बुडबुड्यांनी वर येतो, तसंच मोठ्या कारखान्यांत तेलकट सांडपाण्यात दाबाखाली विरघळवलेली हवा मोकळी करतात. तेल तवंग होऊन वर येतं आणि काढून घेता येतं. इथे बुडबुडा बारीक असण्याला महत्त्व आहे. १ मिलिमीटरच्या एका बुडबुड्यातल्या हवेचे ०.०५ मिलिमीटरचे ८ हजार बुडबुडे होतात. हवा तेवढीच, पण तेलाला धरणारा पृष्ठभाग २० पट. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर चढतो, त्याला काम करायला वेळ मिळतो. यामुळे साबण आणि रसायन कमी लागतं, म्हणून ही पद्धत पर्यावरणाला सोयीची.

सोन्याला आणि कात्र्यांना हे सुख मिळालं. लग्नाच्या पंगतीच्या कढया आणि शेवभाजीची तर्री बसलेली हॉटेलातली पातेली मात्र जळगाव-धुळ्यात अजून आपल्या वस्तीतल्या बायाच घासतात, आणि काही ठिकाणी मालक त्यांच्यापुढे कॉस्टिक सोड्याचं पाणी ठेवतो. बोटांच्या बेचक्यांत भेगा, नखांच्या कडा सुजलेल्या, रात्री खाज. ‘हाताला सवय होते’ असं त्यांना सांगितलं जातं. कातडीला कॉस्टिकची सवय होत नाही, ती दरवेळी थोडी आणखी झिजते. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मालकाने द्यायचे असतात. ते मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

घरातले सगळे बुडबुडे कामाचे नसतात. ॲल्युमिनियमच्या कढईत कॉस्टिक टाकल्यावर जोरात फसफसतं. ते बुडबुडे हायड्रोजनचे, पेट घेणारे. तिथे मळासोबत कढईच विरघळत असते. खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र केलं की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि तेल काढायला फारसं काही उरत नाही. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू १९१५ साली युद्धात माणसं मारायला वापरला होता. बंद मोरीत तो थोडासाही छातीत भरतो.

मग कढई घासायची कशी? आधी उरलेलं तेल जुन्या कागदाने पुसून घ्या, म्हणजे गटार तुंबत नाही. स्टीलची किंवा लोखंडी कढई असेल तर तीत पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळा. तळातून उठणारे वाफेचे बुडबुडे करपलेला थर सैल करतात आणि सोडा थोड्या तेलाचा साबण बनवतो. कोमट झाल्यावर काथ्याने घासा. ॲल्युमिनियमला सोडा नको, त्यासाठी गरम पाणी आणि साबण. लहान मुलं जवळ नसावीत.

‘बुडबुड्यांचा नळ लावा, साबण विसरा’ असं सांगून कोणी महागडी तोटी विकायला आलं, तर हप्ते बांधून घेऊ नका. करपलेल्या तेलाला साबण लागतोच. मोठ्या हॉटेलमालकांनी असं यंत्र घ्यावं, ते त्यांना परवडतं.

कॉस्टिक अंगावर उडालं तर ओले कपडे काढून किमान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, व्हिनेगर, हळद काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि मग थेट दवाखाना गाठा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मुलाने कॉस्टिक तोंडात घातलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका; तोंड पुसा, चूळ भरायला लावा आणि डबा सोबत घेऊन निघा.