विश्लेषण : बँडचे नाव मागे राहिले, गाणी सोबत आली... टॉय कॉल्डवेलचा सोलो अल्बम महत्त्वाचा का?

‘कान्ट यू सी’ हे अमेरिकेतील सदर्न रॉकचे गाजलेले गाणे ‘मार्शल टकर बँड’च्या नावाने ओळखले जाते. ते लिहिले आणि गायले मात्र बँडचा गिटारवादक टॉय कॉल्डवेलने. बँडमधून बाहेर पडल्यावर त्याने १९९२ मध्ये स्वत:च्या नावाचा अल्बम काढला. गाणे सर्वांना ठाऊक, पण गाणे करणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

मार्शल टकर कोण?

बँडमधील कुणीच नाही! साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्गमध्ये हे तरुण ज्या गोदामात सराव करत, त्याच्या किल्लीवर हे नाव होते. ते होते एका अंध पियानो ट्यूनरचे. १९७३ मध्ये पहिला अल्बम आला आणि हेच नाव प्रसिद्ध झाले.

टॉयची गिटार वेगळी का वाटते?

बहुतेक रॉक गिटारवादक तार छेडायला प्लास्टिकची पिक वापरतात. व्हिएतनाम युद्धात जखमी होऊन परतलेला हा माजी मरीन सैनिक मात्र अंगठ्याने वाजवत असे. पिकची कड कठीण असल्याने आवाज धारदार येतो. अंगठ्याच्या मऊ स्पर्शाने तारेतील उच्च कंप्रता दबतात आणि सूर गोलसर, भरीव येतो.

बँड सुटल्यावर हाती काय उरले?

एप्रिल १९८०मध्ये टॉयचा भाऊ आणि बँडचा बासवादक टॉमी अपघातानंतर मरण पावला. पुढे चारेक वर्षांत टॉय बाहेर पडला. गायक डग ग्रे आणि सॅक्सोफोन-बासरीवादक जेरी युबँक्स यांनी बँड पुढे नेला. येथे दोन हक्क वेगळे ठरतात. बँडचे नाव हा ट्रेडमार्क, तर गीतरचना हा कॉपीराइट. त्यामुळे नाव एकाकडे आणि गीतकार म्हणून श्रेय दुसऱ्याकडे, असे होऊ शकते. तिकिटे मात्र बहुधा नावावर खपतात.

अल्बमचे पुढे काय झाले?

विली नेल्सन, ग्रेग ऑलमन, चार्ली डॅनियल्स असे दिग्गज त्यात सहभागी झाले. पण २५ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी टॉयचे निधन झाले. हयातीतला हा त्याचा एकमेव सोलो अल्बम. डॅनियल्सच्या कंपनीने नंतर तो ‘सन ऑफ द साउथ’ नावाने पुन्हा बाजारात आणला. अंगठ्याने काढलेला तो सूर ऐकायचा, तर सुरुवात येथून करता येईल.