कीटकशास्त्राचा विद्यार्थी आणि अमेरिकेचा अर्ज

टोमॅटोच्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें शिरून आंतील गर फस्त करणारी एक बारीक अळी २०१४ सालीं पुण्याच्या आसपास आढळली. तिचें मूळ घर दक्षिण अमेरिका. तोंपर्यंत भारतांत तिची नोंद नव्हती. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कापसाचीं बोंडें आंतून पोखरलीं, आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. पुढच्याच वर्षीं मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकांत उतरली व कांहीं महिन्यांतच महाराष्ट्रांत आली. किडी अशा न बोलावतां येतात. त्यांना ओळखणारा, त्यांचा जीवनक्रम पाहणारा, आणि विषाच्या फवाऱ्यावांचून त्यांना आवर कसा घालतां येईल याचा विचार करणारा माणूस मात्र शिकवून तयार करावा लागतो.

असें शिक्षण आपल्याकडेहि मिळतें. बिहारांतील पुसा येथें १९०५ सालीं कृषिसंशोधनाची संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपांत तिची मोठी हानि झाली आणि १९३६ मध्यें ती दिल्लीस आली. तेथील कीटकविभाग आजहि नामांकित आहे. राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील कृषिविद्यापीठांतहि या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतां येते. तथापि दरवर्षीं कांहीं तरुण-तरुणी याच विषयासाठीं अमेरिकेस जाण्याची उमेद धरतात, आणि त्यांतील बरेचजण पहिल्याच पायरीवर घसरतात. त्यांचे गुण कमी पडतात असें नाहीं. तेथील प्रवेशाची रीत वेगळी आहे हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें.

अमेरिकेंत हा विषय बहुतांशीं शेतकी कॉलेजांच्या आश्रयानें वाढला. १८६२ च्या कायद्यानें सरकारी जमिनी मिळून राज्याराज्यांतून शेतकी व यंत्रविद्येचीं कॉलेजें उभीं राहिलीं. १८८७ च्या कायद्यानें त्यांना जोडून प्रयोगक्षेत्रें निघालीं, आणि पिकांवरील किडींचा प्रश्न आपोआपच त्यांच्या दारीं आला. न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठांत हा विषय जॉन हेन्री कॉमस्टॉक यानें रुजविला. हा मनुष्य तरुणपणीं तेथील मोठ्या सरोवरांवर चालणाऱ्या जहाजांवर काम करी. बफेलो शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत हॅरिस याचें पिकांवरील किडींविषयींचें पुस्तक त्याच्या हातीं पडलें आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. स्वतः विद्यार्थी असतांनाच तो कॉर्नेलमध्यें कीटकांवर व्याख्यानें देऊं लागला. पुढें १८७९ ते १८८१ पर्यंत तो अमेरिकन सरकारचा मुख्य कीटकशास्त्रज्ञ होता.

कॅलिफोर्नियांतील गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियांतून आलेल्या खवले किडीनें बसत चालल्या होत्या. १८८८-८९ मध्यें ऑस्ट्रेलियांतूनच एक चिमुकला ढालकिडा आणून सोडला आणि त्यानें ती कीड खाऊन बागा वांचविल्या. या विद्येचें फळ आपल्याहि पदरांत पडलें आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्यें कोइमतूरकडे दिसला. २०१० मध्यें पोर्टोरिको बेटावरील अमेरिकन शेतकीखात्याच्या केंद्रांतून त्याच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी आणवून सोडण्यांत आली, आणि पपई व तुतीचीं पिकें सांवरलीं. तेव्हां हा विषय शिकण्यास तिकडे जाणें हा केवळ परदेशाचा हव्यास आहे असें म्हणतां येणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. आपल्याकडे प्रवेश म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे क्रमांक आणि क्रमांक म्हणजे जागा. कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखालीं काम करावयाचें हें जागा मिळाल्यानंतर ठरतें. अमेरिकेंतील बहुतेक कीटकविभागांत हा क्रम उलटा आहे. तेथें आधीं गुरु, मग प्रवेश. याचें कारणहि उघड आहे. संशोधक विद्यार्थ्याचें वेतन व शुल्क पुष्कळदां त्या प्राध्यापकास मिळालेल्या अनुदानांतून दिलें जातें. ज्याला आपल्या शिध्यांतला वाटा द्यावयाचा, त्याला तो आधीं पारखून घेतो. कित्येक विभाग तर स्पष्टच सांगतात कीं, कोणी प्राध्यापक मार्गदर्शक होण्यास तयार नसेल, तर गुणपत्रक कितीहि उजळ असलें तरी प्रवेश मिळणार नाहीं.

हें न जाणतां एखादा हुशार मुलगा दहा विद्यापीठांकडे दहा अर्ज धाडतो. दर अर्जाचें शुल्क शंभर डॉलरांच्या आसपास, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये. सोयाबीनच्या पट्टींतून किंवा आईच्या पाटल्या गहाण टाकून तो पैसा उभा राहतो. मार्च महिन्यांत एकामागून एक दहाहि नकार येतात. मुलाला वाटतें, आपण नालायक ठरलों. घरच्यांना वाटतें, मुलानें पैसा पाण्यांत घातला. वास्तविक त्याच्या अर्जाचा नीट विचारच झाला नसण्याचा संभव अधिक, कारण निवड करणाऱ्यांच्या बैठकींत 'हा विद्यार्थी मला हवा' असें म्हणणारा कोणी नव्हता. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल, त्यांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुष्कळ पैसा व त्याहून अधिक मनस्ताप वांचेल.

म्हणून खरा अर्ज म्हणजे प्राध्यापकास लिहिलेलें पहिलें पत्र. पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्यें शिक्षण सुरू करावयाचें असेल तर हें पत्र आदल्या वर्षाच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळांत जावें. त्यापूर्वीं विद्यार्थ्यानें स्वतःशीं ठरवावें कीं आपल्याला हवें आहे तें काय: मधमाशा, डांस, जातींचें वर्गीकरण, कीं किडींचे नैसर्गिक शत्रु? विद्यापीठाचें नांव पाहून गुरु निवडूं नये. गुरूचें काम पाहून विद्यापीठ निवडावें. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व फ्लोरिडा विद्यापीठ येथें कीटक व सूत्रकृमि यांचा विभाग एकत्र आहे. पर्ड्यू व कॅन्सस राज्य विद्यापीठ येथें स्वतंत्र कीटकविभाग आहेत. कांहीं ठिकाणीं हा विषय जीवशास्त्राच्या पोटांत सांपडतो. विभाग केवढाहि मोठा असो, आपल्या प्रश्नावर काम करणारा तेथें कोणी नसेल तर तो आपल्या उपयोगाचा नाहीं.

पत्र कसें नसावें हें आधीं सांगणें सोपें. 'अत्यंत आदरणीय महोदय, मला कीटकशास्त्राची लहानपणापासून नितांत आवड असून आपल्या थोर मार्गदर्शनाचा लाभ व्हावा,' असा मजकूर लिहून तोच पन्नास जणांना पाठविण्याची चाल पडली आहे. असें पत्र कोणालाहि लागू पडतें, म्हणून तें कोणालाच लागत नाहीं. चांगलें पत्र एका पानाच्या आंत संपतें. आपण कोण, काय शिकलों, स्वतःच्या हातानें कोणतें काम केलें, त्या प्राध्यापकाचा कोणता निबंध वाचला व तो वाचून कोणता प्रश्न मनांत आला, एवढें त्यांत असावें. शेवटीं, येत्या वर्षीं आपण नवा विद्यार्थी घेणार आहांत काय व त्यासाठीं अर्थसाहाय्याची सोय आहे काय, हें सरळ विचारावें. पैशाचा प्रश्न विचारणें तिकडे असभ्यपणाचें मानीत नाहींत. सोबत स्वतःच्या कामाचा एक-दोन पानांचा आढावा व गुणपत्रक जोडावें.

हातानें केलेलें काम या शब्दांवर भर आहे. 'पांच महिने दर आठवड्यास डाळिंबाच्या तीस झाडांवरील फुलकिडे मोजले; पावसाच्या दोन आठवड्यांत मोजणी चुकली' हें वाक्य सुवर्णपदकाच्या उल्लेखापेक्षां अधिक काम करतें. चुकलेली मोजणी कबूल करण्यास तर मुळींच कचरूं नये, कारण असा मनुष्य खोटे आंकडे भरीत नाहीं हें वाचणाऱ्यास कळतें. दोन आठवडे उत्तर न आल्यास एकदां स्मरण द्यावें. त्यावरहि उत्तर नसेल तर तो विषय सोडावा. त्यांत अपमान नाहीं. होकारार्थी उत्तर आल्यास मात्र त्या प्राध्यापकाच्या सध्यांच्या एक-दोन विद्यार्थ्यांनाहि पत्र घालून तेथील वागणूक कशी आहे हें विचारून घ्यावें. सोयरीक जुळवितांना आपण जेवढी चौकशी करतों, तेवढी तरी पुढल्या पांच वर्षांच्या गुरूविषयीं करावयास हरकत नसावी!

त्यानंतर रीतसर अर्ज. त्याची मुदत बहुतेक ठिकाणीं डिसेंबर-जानेवारींत संपते. त्यांत एक हेतुनिवेदन लिहावें लागतें. बालपणीं फुलपाखरांमागें धांवल्याच्या आठवणीनें त्याची सुरुवात करण्याचा मोह फार जणांना होतो, आणि म्हणूनच तो आवरावा. कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे, त्याची आजवर काय तयारी झाली आहे व तें काम याच विभागांत कां करावयाचें आहे, हें सांगितलें म्हणजे झालें. ज्या प्राध्यापकाशीं पत्रव्यवहार झाला त्याचें नांव त्यांत अवश्य असावें.

शिफारसपत्रें बहुधा तीन लागतात, आणि येथें दोष विद्यार्थ्यांपेक्षां शिक्षकांचा अधिक आहे. 'तूंच लिहून आण, मी सही करतों' असें सांगणारे गुरुजन आपल्याकडे थोडे नाहींत. मग तीनहि पत्रें एकाच हाताचीं निघतात. तीनहींत विद्यार्थी मेहनती, आज्ञाधारक व सुस्वभावी असतो, आणि वाचणाऱ्याला त्यांचा उगम कळून येतो. नाहक संशय येतो तो मुलाच्या सचोटीचा. ज्या शिक्षकानें विद्यार्थ्याला शेतांत अगर सूक्ष्मदर्शकापुढें काम करतांना पाहिलें आहे त्यालाच पत्र मागावें, मग तो हुद्द्यानें लहान कां असेना. त्याला दोन महिने आधीं सांगून आपल्या कामाचें टिपण द्यावें. लेखन मात्र त्याचें त्याला करूं द्यावें. आणि शिक्षकानेंहि अर्धा तास काढावा. जन्मभर वर्गांत शिकविलेल्या विषयाची परीक्षा येथें त्याचीहि होत असते.

इंग्रजीची परीक्षा बहुतेकांना द्यावी लागते. जी. आर. ई. नांवाची परीक्षा पूर्वीं सर्वत्र लागे. अलीकडे कित्येक विभागांनीं ती अट काढून टाकली आहे, तेव्हां चौकशी केल्यावांचून तिचें शुल्क भरूं नये. आपली बी. एस्सी. कृषि ही चार वर्षांची पदवी असल्यानें तिच्याविषयीं सहसा शंका निघत नाहीं. तीन वर्षांची प्राणिशास्त्राची पदवी असलेल्यानें ती ग्राह्य आहे काय हें आधीं विचारून घ्यावें.

अर्थसाहाय्य मिळालें तर शुल्क माफ होऊन निर्वाहवेतन मिळतें आणि त्याच्या मोबदल्यांत साधारणतः आठवड्यास वीस तास संशोधनाचें किंवा शिकविण्याचें काम करावें लागतें. वेतन बारा महिन्यांचें कीं नऊ महिन्यांचें, आरोग्यविम्याचा खर्च कोणाचा, किरकोळ शुल्कें कोणीं भरावयाचीं, हें लेखी विचारावें. नुसत्या एकूण आंकड्यावर भुलूं नये. पैशाविना केवळ प्रवेश देऊं करणारें पत्र आल्यास घरच्यांनीं कर्ज काढण्यापूर्वीं दहादां विचार करावा. या विषयांत साहाय्यावर शिकणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. एक वर्ष थांबून पुन्हां प्रयत्न करणें हें वीस-तीस लाखांच्या ऋणापेक्षां हलकें आहे. अर्थसाहाय्यासह देऊं केलेल्या जागेचें उत्तर १५ एप्रिलपर्यंत मागूं नये असा एक ठराव तेथील बऱ्याच विद्यापीठांनीं मान्य केला आहे. तेव्हां फेब्रुवारींत कोणीं घाई केली तर त्या ठरावाचा नम्रपणें उल्लेख करण्यास हरकत नाहीं.

जागा पक्की झाली म्हणजे विद्यापीठ आय-ट्वेन्टी हा कागद पाठवितें. त्याच्या आधारें एफ-वन व्हिसासाठीं वकिलातींत मुलाखत द्यावयाची असते. तेथें आपण काय शिकणार व खर्च कोण करणार हें दोन सोप्या वाक्यांत सांगतां आलें पाहिजे.

सामान बांधतांना एक चूक होण्यासारखी असते. चार वर्षें खपून जमविलेली टांचण्यांवर लावलेल्या कीटकांची पेटी नव्या गुरूस भेट म्हणून न्यावी असें विद्यार्थ्यास साहजिकच वाटतें. परंतु असे जीवनमुने परवानगीवांचून देशाबाहेर नेण्यास २००२ चा जैवविविधता कायदा आड येतो, आणि जिवंत किडी नेण्यास अमेरिकन शेतकीखात्याचाहि परवाना लागतो. ती पेटी कॉलेजच्या संग्रहांत ठेवून द्यावी, आणि कोणता किडा कोठें, कोणत्या दिवशीं, कोणत्या झाडावर मिळाला याच्या नोंदवहीची नक्कल तेवढी बरोबर घ्यावी.