ताण धरायचा कोणी?

साताऱ्याच्या पोरांनी दोन वेगळ्या धनुष्यांवर नाव काढलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तो रिकर्व्हवर. अदिती स्वामी 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी जगज्जेती झाली ती कंपाउंडवर. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही तिरकमठेच. पण दोन्हींमधला वाद कित्येक शतकांचा आहे: दोरीचा ताण माणसानं धरायचा की यंत्रानं?

मध्ययुगीन युरोपात हा वाद रणांगणावर लढला गेला. 1346 साली क्रेसीला फ्रेंचांच्या बाजूनं जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले उभे होते, समोर इंग्रजांची माणसाएवढी उंच लाकडी धनुष्यं. इंग्रज तिरंदाज मिनिटाला दहाएक बाण सोडायचा. क्रॉसबोवाल्याचे दोन-तीन सुटले तरी खूप. जिनोआवाले मोडले.

म्हणून धनुष्य श्रेष्ठ? इतकं सरळ नाही. 1545 मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज जहाजावरची धनुष्यं शंभर पौंडांच्या वर ओढीची होती, आणि तिथल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांची हाडंच त्या ओढीनं बदललेली असावीत असं अभ्यासक मानतात. असा गडी घडवायला लहानपणापासून सराव लागतो. क्रॉसबो मात्र थोडक्या शिकवणीत हाती बसतो. त्यात दोरी खाचेत अडकून राहते. नेम धरा, खालची कळ दाबा. पुढच्या पोलादी क्रॉसबोंचा ताण हजार पौंडांपलीकडे गेला, पण दोरीची धाव वीतभरच, त्यामुळे त्या ताणातला बराचसा जोर बाणाला मिळतच नसे. आणि दोरी चढवायला रहाट फिरवा! तरीही कालपरवा भरती झालेला शिपाई चिलखती सरदाराला लोळवू शकतो, ही गोष्ट बड्यांना झोंबली असणारच. 1139 मध्ये चर्चच्या परिषदेनं ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य, दोन्ही चालवायला बंदी केली. ती पाळली कोणी? 1199 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रॉसबोच्याच बाणानं गेला.

आपल्याकडे क्रॉसबो रुजला नाही. मराठीत त्याला रुळलेलं नावही नाही. घोड्यावरून रहाट कोण फिरवणार? स्वाराला हवं आखूड, वाकडं धनुष्य: लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू सरसानं चिकटवून केलेलं. पावसाळी दमटपणा हा त्या सरसाचा वैरी. मग तोड्याची बंदूक आली. 1700 च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेनं साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग उडवले, तोवर निकाल दारूगोळा लावू लागला होता.

त्याच साताऱ्यात, उसाच्या रानातल्या प्रवीण सावंत यांच्या अकादमीत अदिती घडली. तिच्या हातातलं कंपाउंड हे होलेस ॲलन या अमेरिकन माणसानं 1960 च्या दशकात काढलेल्या यंत्राचं वंशज. टोकांना चाकं, चाकांवरून दोऱ्या. ओढताना जोर लागतो. पूर्ण ओढ झाली की चाकं कलंडतात आणि ताण उतरतो. 50 पौंडांच्या धनुष्यात 75 टक्के उतार असेल, तर हातात उरतात साडेबारा पौंड. वर नेमाला भिंग, आणि दोरी सोडायला बोटांऐवजी 'रिलीज' नावाची कळ. माझ्या मते हा क्रॉसबोचा सावत्र भाऊच. फरक एवढाच की दोरी आपोआप अडकून राहत नाही; उरलेला ताण शेवटपर्यंत खेळाडूलाच पेलावा लागतो.

रिकर्व्हला चाकं नाहीत, त्यामुळे रिकर्व्हवाल्याला ही सवलत नाही. तीन बोटांवर सगळा भार, लक्ष्य 70 मीटरवर. कंपाउंडचं 50 मीटरवर, पण तिथं दहाचं वर्तुळ फक्त 8 सेंटिमीटरचं, आणि चूक माफ नाही. बर्लिनच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध अदितीचे 15 बाणांत 149 गुण झाले. म्हणजे 14 दहा आणि एक नऊ. यंत्रानं काम सोपं केलं म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

ऑलिंपिकनं इतकी वर्षं कंपाउंडला दारात उभं केलं नव्हतं. 2028 मध्ये लॉस एंजेलिसला ते पहिल्यांदा खेळलं जाईल, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात.