दुधाचे दात आणि अहिंसेचे पाच अतिचार

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी वस्तीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनी रीत अजूनही आढळते. अशा घरात पॉमेरेनियनसारखे छोट्या जातीचे पिल्लू आले, की पहिला महिना कौतुकात जातो आणि दुसऱ्या महिन्यात थोरांचा संयम सुटू लागतो. गादीचा कोपरा, वहीखात्याचे पुठ्ठे, दारातल्या चपला, चार्जरची वायर, कशाचीच गय होत नाही. मग कोणी त्याला गच्चीवर बांधून ठेवतो, कोणी वर्तमानपत्राच्या सुरळीने मारतो, तर कोणी शिक्षा म्हणून त्याची वाटी उचलून घेतो.

हे तिन्ही उपाय आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होते. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे प्राण घेणे नव्हे, तर ताडन. जनावर सांभाळणाऱ्या गृहस्थाने ही यादी पिल्लाच्या संगोपनासाठीही वाचावी.

प्रथम कारण समजून घ्यावे. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावल्याने आराम पडतो. त्यात सूडबुद्धी नसते. छोट्या जातींत दुधाचे दात न पडता पक्क्या दातांशेजारी अडून राहण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात पशुवैद्यांकडून तोंड तपासून घ्यावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

दुसरे कारण म्हणजे न खर्चलेली शक्ती. दिवसभर बांधलेले पिल्लू सुटताच दुप्पट नासधूस करते. साखळीत ठेवलेल्या कुत्र्याला हिंडू-फिरू न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 अन्वये अपराधही आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात डांबरी रस्ता पंजे भाजतो. तेव्हा सूर्योदयाच्या सुमारास आणि जमीन निवल्यावर रात्री फिरवावे. दुपारी घरातच खाऊ लपवून तो शोधायला लावावा. नाकाला काम मिळाले की दातांची वळवळ कमी होते.

मारलेले पिल्लू चावणे सोडत नाही, फक्त आपल्या नजरेआड चावायला शिकते. त्यापेक्षा चप्पल काढून घेताना त्याच क्षणी चावण्याजोगी दुसरी वस्तू द्यावी आणि ती तोंडात धरताच शाबासकी द्यावी. मात्र बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या पांढरट कांड्या बहुधा जनावरांच्या कातड्याच्या असतात. जैन घराने त्या विचारपूस करूनच घ्याव्यात. मजबूत रबरी खेळणे, भिजवून थंड केलेली सुती कापडाची गाठ (देखरेखीखाली) किंवा थंड काकडीचा तुकडा पुरेसा होतो.

छेद म्हणजे अवयव कापणे. केवळ शोभेसाठी कान वा शेपूट कापून घेण्याचा मोह कोणत्याही जातीच्या बाबतीत टाळावा.

अतिभार केवळ पाठीवरच्या ओझ्याचा नसतो. पिल्लाला दिवसातून अठरा तासांच्या आसपास झोप लागते. मुलांनी सतत उचलून खेळवलेले, झोप न झालेले पिल्लू अधिक चावरे होते. त्याची एक शांत जागा ठरवावी आणि झोपेत त्याला कोणी उठवू नये.

अन्नपाननिरोधाबाबत विशेष सावध राहावे. लहानखुऱ्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न लागते. फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने घटू शकते. चौविहार हे स्वेच्छेने घेतलेले पच्चक्खाण आहे. ज्याला ते घेता येत नाही, त्याच्यावर ते लादता येत नाही. पशुवैद्यांनी रात्रीचे अन्न सांगितले असेल, तर ते अवश्य द्यावे.

उरते ते घर आवरण्याचे काम, आणि ते माणसांचे आहे. वायरी उंचावर न्याव्यात, चपला कपाटात ठेवाव्यात. साड्यांच्या घडीतल्या डांबराच्या गोळ्या, चॉकलेट आणि सुक्या मेव्यातील मनुका-बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. ते त्याच्या तोंडी लागता कामा नयेत. पक्के दात आल्यावर शिवशिव ओसरते, परंतु चावण्याची आवड आणखी काही महिने राहू शकते. तोवर काय चावावे हे त्याला रोज तितक्याच शांतपणे दाखवत राहणे, हाच जीवदयेचा घरगुती पाठ.