पाऊस नेमका कोणत्या तारखेचा?

कोलकात्यातील बागबाजारच्या घाटावर सूर्य उगवतो, तेव्हा राहुरीच्या शिवारात सूर्योदयास साधारण तासभर अवकाश असतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवते. पूर्वी तसे नव्हते. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाली, तरी तिच्या सुमारे 24 मिनिटे पुढे असलेली आपली स्थानिक वेळ कोलकात्याने 1948 पर्यंत जपली. आज संगणकाच्या कालक्षेत्रांच्या यादीत सबंध भारताची वेळ ‘एशिया/कोलकाता’ याच नावाने ओळखली जाते. शेतातील हवामानाच्या नोंदी अचूक ठेवण्यासाठी हे नाव उपयोगी पडते.

अनेक स्वयंचलित केंद्रे व संवेदक वेळ तारखेऐवजी एका मोठ्या आकड्यात पाठवतात. 1 जानेवारी 1970 च्या जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद म्हणजे हा युनिक्स टाइमस्टॅम्प. उदाहरणार्थ, 1719779400 हा आकडा जागतिक वेळेनुसार 30 जून 2024 च्या रात्री 8.30 चा आहे. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने तोच क्षण आपल्याकडे 1 जुलैच्या पहाटे 2 वाजताचा ठरतो. रूपांतर चुकल्यास जुलैचा पाऊस जूनच्या खात्यात जमा होतो.

मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील प्रत्येक नोंदीची हीच गत होते. पानांवरील ओलाव्याचे बरेच तास याच काळातले असतात व त्यांवर रोगांचा अंदाज अवलंबून असतो. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते. तेथेही तारखेची चूक महागात पडू शकते.

रिलेशनल डेटाबेसमध्ये उपाय सोपा आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘टू_टाइमस्टॅम्प’ वापरून ‘अ‍ॅट टाइम झोन’पुढे एशिया/कोलकाता लिहावे आणि मगच तारीख काढावी. मायएसक्यूएलचे ‘फ्रॉम_युनिक्सटाइम’ चालू जोडणीच्या कालक्षेत्रानुसार उत्तर देते. म्हणून ते आधी +05:30 असे ठरवावे. आकडा 13 अंकी असेल तर तो बहुधा मिलिसेकंदांचा असतो. त्यास प्रथम 1000 ने भागावे. मूळ आकडा स्वतंत्र रकान्यात जपून ठेवावा, म्हणजे चूक पुढे दुरुस्त करता येते.

हवामान विभागाचा पर्जन्यदिवस सकाळी 8.30 ला संपतो. त्या आकडेवारीशी तुलना करताना दिवसाची सीमाही तीच धरावी.

नवे केंद्र बसवताना वरील आकडा तपासणीसाठी वापरावा. उत्तर 1 जुलै, पहाटे 2 असे आले, तरच पुढील नोंदींवर विसंबावे.